सुट्टीत दाखवू

शौचावाटे रक्त जात असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. वाचायला नंतर या. लाजेचं म्हणाल, तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, पाच अनोळखी माणसांसमोर आडवा झालो तेव्हाच माझी लाज संपली. तुमचीही संपेल. त्यानं माणूस मरत नाही.

मी हमीद. दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. अठरा वर्षं सौदीत, जुबैलला, एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत टाइमकीपर होतो. म्हणजे कोण किती वाजता कामावर आला, कोण आजारी आहे आणि कोण नुसतं आजारपणाचं सोंग करतोय, ते लिहून ठेवणारा माणूस. मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितोय. कारण एकच आहे. आमच्या खोलीत मूळव्याधीच्या पुडीचा एक डबा होता आणि त्यातली पूड दोघं खायचो. एक मी, दुसरा शौकत, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघांनाही मूळव्याध नव्हती. मी राहिलो, तो गेला, आणि ते कसं झालं ते सांगायचं आहे.

दुखणी साठवायची रीत

आखातात राहणाऱ्या आमच्या लोकांची एक रीत आहे. दुखणी साठवायची. दाढ दुखते? सुट्टीत काढू. गुडघा धरलाय? सुट्टीत दाखवू. दोन वर्षांनी दोन महिने गावी यायचं, त्यात घराचं छप्पर, कुणाची तरी शादी आणि ही साठवलेली दुखणी, सगळं उरकायचं. कंपनीचा दवाखाना नव्हता असं नाही. विमाही होता. पण तिथं गेलं की फायलीत येतं, फायलीत आलं की साहेबाला कळतं, आणि त्या वर्षांत साहेबाला आपलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

ती निताकातची वर्षं. कंपनीत सौदी माणसं किती आहेत ते बघून सरकार कंपनीला रंग द्यायचं. हिरवा असेल तर ठीक, पिवळ्यात गेली की बाहेरच्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकायचे. आमची पिवळ्यात गेली आणि एका सकाळी माझ्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आली. तिच्यावर बसला अबू नासर. चाळिशीचा, पोट सुटलेला, आधी स्वतःची पिकअप चालवायचा. मॅनेजर मला म्हणाला, "याला काम शिकव. हा तयार झाला की तू सुट्टीवर जा."

मी काय दूधखुळा होतो? हा तयार झाला की मी सुट्टीवर जाणार आणि मागाहून फोन येणार, परत येऊ नकोस. हजेरीचं काम महिनाभरात शिकवून होतं. मी आठ महिने काढले. ओव्हरटाइमचा तक्ता तर त्याला दाखवलाच नाही. तो विचारायचा, मी म्हणायचो, "बुकरा, अबू नासर, बुकरा." उद्या, उद्या. मनात शिव्या घालायचो त्याला. आणि अक्कल बघा माझी, दुखणं ठेवलं होतं सुट्टीसाठी, आणि सुट्टी मीच पुढं ढकलत होतो.

रक्त त्याच्या आधीपासून जात होतं. सुरुवातीला थोडं, मग रोज. जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, पुन्हा जावं लागायचं. मी बायकोला, रेहानाला, फोनवर सांगितलं की मूळव्याध झालीय. तिनं नागकेशर, हिरडा आणि वाळवलेलं सुरण कुटून दुधाच्या पावडरीच्या डब्यात भरलं आणि गावच्या एका माणसाबरोबर पाठवून दिलं. तिच्या आईकडून शिकली होती ती. सकाळ-संध्याकाळ एक चमचा, ताकाबरोबर.

शौकत त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन, माझ्याच खोलीत राहायचा. एकदा मी डबा उघडला तर तो म्हणाला, "दुल्हेभाई, मला पण दे चमचाभर. मला पण हाय."

"कधीपासून?"

"रमजानपासून असंल."

"मग खा. तुझ्याच बहिणीच्या हातची हाय."

बस, एवढंच बोलणं झालं. नंतर तो डबा दोघांचा झाला.

अबू नासर

माझ्या लपवालपवीत एक भोक होतं. माझ्या शेजारी दिवसभर एक माणूस बसायचा आणि त्याला मी काम देत नव्हतो. मग तो करणार काय? गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पीत माझ्याकडे बघत बसायचा. एका सकाळी मी संडासातून परत आलो तर त्यानं पाच बोटं वर केली.

"हमीद, सुबह से पाँच दफा हमाम. फी मुश्किला." काहीतरी गडबड आहे, असं.

"बवासीर है," मी म्हटलं. हा शब्द अरबीतही तोच, त्यामुळं समजावायला कष्ट पडले नाहीत.

त्यानं पेला खाली ठेवला. "मेरा बाप भी बोला बवासीर. एक साल बोला बवासीर, बवासीर. बाद में खलास." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाद में डॉक्टर बोला, सब भाई का कॅमेरा करो. मेरा भी हुआ."

मला वाटलं, हा माझी खुर्ची खाली करायला बघतोय. खरंच तसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.  दोन दिवसांनी तो गाडीची किल्ली बोटाला अडकवून आला आणि म्हणाला, "यल्ला. खोबरमें टाइम लिया है." अल-खोबरपर्यंतच्या रस्त्याभर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो मात्र बोलत होता, बापाबद्दल. बाप पेट्रोलपंपावरच्या संडासात रक्त बघून रडला होता आणि घरी येऊन बायकोला म्हणाला होता, मिरची जास्त झाली.

तपासणीचा दिवस

पहिल्या खेपेला नुसतं औषध आणि तारीख मिळाली; तपासणी, म्हणजे मागून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघणं, पुढच्या खेपेला दुपारी झाली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिताना जे हाल होतात ते सांगत नाही, ज्याचे त्यानं भोगावेत. डॉक्टर सुदानी होते, उंच, अगदी हळू बोलणारे. विचारलं, रक्त किती दिवस जातंय? मी म्हटलं, तीन महिने.

ते म्हणाले, "मी आत जे बघितलं ते तीन महिन्यांचं नाही."

मग मी खरं सांगितलं. दीड वर्ष. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्याकडची माणसं काय, इथली माणसं काय, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आधी मूळव्याधच झालेली असते, आणि सगळे उशिरा येतात. वयानं म्हातारे असतील असं वाटतं, तर दारातून तुझ्यासारखे आत येतात. मी तेव्हा सत्तेचाळीसचा. त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? ओव्हरटाइमचा तक्ता. आता तो शिकवावा लागणार.

शेवटी विचारलं, "घरात, रक्ताच्या नात्यात, कुणाला असा त्रास?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. शौकत माझ्या रक्ताचा नाही, तो त्या प्रश्नात आलाच नाही.

डबा

हा भाग लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

ऑपरेशनसाठी भरती झालो त्या दिवशी शौकत माझे कपडे घेऊन आला. डोळे लाल होते त्याचे. मी त्याला शपथ घातली, घरी कळवायचं नाही, मूळव्याधीचं ऑपरेशन आहे म्हणून सांगायचं. मग कपाटाची किल्ली दिली. म्हटलं, "पासपोर्टाची कॉपी आत हाय. आणि तो पुडीचा डबा तूच ठेव. मला आता त्याचा काय उपयोग?"

"थोडीच उरलीय," तो म्हणाला. "रेहानाला सांगून आणखी मागवू?"

"मागव," मी म्हणालो.

मला मूळव्याध नव्हती, कॅन्सर होता, हे त्या घटकेला मला माहीत होतं. माझा त्रास आणि त्याचा त्रास सारखा, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एका डोक्यात असून त्यांची गाठ पडली नाही. भीतीनं माणूस आंधळा होतो म्हणतात. मी तर समोरचा माणूस उभाच्या उभा विसरलो. कसाई बरा, त्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

पिशवी

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तर पोटावर डाव्या बाजूला पिशवी. मल आता तिथून येणार, कायमचा. आधी सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती, पण ऐकणं वेगळं आणि आपल्याच पोटाला लटकलेली बघणं वेगळं. चार दिवस मी तिकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी मल्याळी सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चाचा, आज तुम करेगा. मैं तुम्हारे साथ इंडिया नहीं आएगा." तिच्यासमोर रडत रडत पिशवी बदलली. दोनदा गळली. तिसऱ्यांदा नीट बसली तेव्हा तिनं टाळी वाजवली, आणि मला उगाच बरं वाटलं.

सगळ्यात मोठी काळजी नमाजाची होती. पोटावर घाण घेऊन अल्लापुढं उभं कसं राहायचं? कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे सौदी गृहस्थ होते, त्यांच्याही पोटावर तेच. ते दर नमाजाला पुन्हा हातपाय-तोंड धुऊन वजू करायचे आणि खाटेवर बसल्याबसल्या नमाज पढायचे. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नुसतं आपल्या पिशवीवर हात ठेवला, वर आकाशाकडं बोट केलं आणि "आदी, आदी," म्हणाले. त्यात काय एवढं, असं. त्या दिवसापासून मी पढायला लागलो.

रेहानाला आवाजावरून कळलंच. शौकतला फोनवर असं काही धरलं तिनं की त्यानं सगळं ओकून टाकलं. मग मला फोन. "मूळव्याधीच्या ऑपरेशनला बारा दिवस लागतात काय? मला काय मयत घरी आल्यावर कळवणार होतात?" त्यानंतर ती रोज फोन करायची, पण त्या बोलण्यात एक गाठ राहिली ती राहिलीच.

मग केमोची इंजेक्शनं सुरू झाली, सहा महिने, आणि तेवढे दिवस मी इस्पितळाजवळ खोबरलाच राहिलो. त्या औषधानं गार काही सहन होत नाही. बाहेर खोबरचा उन्हाळा, आणि मला थंड पाण्याचा पेला हातात धरवत नव्हता, बोटांत सुया टोचायच्या. शौकत दर शुक्रवारी यायचा. थर्मासात कोमट पाणी आणि तांदळाची पेज घेऊन. माझी पिशवी बदलायलाही शिकला तो. नाक न मुरडता करायचा. मी एकदा म्हटलं, "बारीक झालास रे."

"तुझ्यामागे धावून," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

सहा महिने. चोवीस-पंचवीस शुक्रवार. मी त्याला माझं वजन सांगितलं, माझी उलटी सांगितली, माझी भीती सांगितली. तुझी मूळव्याध कशी आहे, असं एकदाही विचारलं नाही.

तोच निघाला

खुर्ची अर्थातच अबू नासरकडं गेली. गावी कायमचा निघालो त्या दिवशी ऑफिसात जाऊन त्याला ओव्हरटाइमचा तक्ता शिकवला. अर्धा तास लागला.

"इतना ही था?" त्यानं विचारलं.

"इतना ही था."

 त्यानं उठून मला मिठी मारली, पिशवीला धक्का लागणार नाही अशी, बाजूनं.

घरी येऊन दोन महिने झाले आणि त्याचाच फोन आला. शौकत साइटवर चक्कर येऊन पडला, पँट रक्तानं भिजली होती. अबू नासरनंच उचलून त्याच इस्पितळात, त्याच सुदानी डॉक्टरांकडं नेलं. कॅन्सर यकृतात पसरला होता. मग फोन शौकतनं घेतला.

"दुल्हेभाई, तोच निघाला."

"अरे, सांगितलं का नाहीस मला?"

"कसा सांगणार? तू पडला होतास. दोघं एकदम पडलो असतो तर रेहानाकडं कोण बघितला असता?" मग तो म्हणाला, "आणि पूड मागव असं तूच बोललेलास ना." टोमणा नव्हता त्यात. साधं सांगत होता. त्यानं टोमणा मारला असता तर मला आधार झाला असता.

विमानतळावर त्याला खुर्चीतून बाहेर आणलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, मांडीवर बॅग घेऊन. साडेतीन महिने काढले त्यानं. रेहानानं सगळं केलं, भरवलं, पुसलं. तो गेल्यावर तिनं त्याची बॅग उघडली तर खाली तो डबा होता. तळाला चमचाभर पूड. तिनं तो उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला.  माझ्याशी भांडली असती, भांडी आपटली असती तर सोसलं असतं. ती फक्त तुम्हाला चहा देऊ काय, जेवायला वाढू काय, एवढंच बोलायची.

चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी शौकतचे कागद बघून तेव्हाच सांगितलं होतं की भावाला इतक्या कमी वयात झालाय, बहिणीनं तपासून घ्यायला हवं. मी रेहानाला सांगितलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणून ती आत निघून गेली. दुसऱ्यांदा सांगायला माझी जीभ रेटली नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

संडासवाले हमीदभाई

घरात बोलता येईना म्हणून मी गावात बोलायला लागलो. आखातातून कोणी सुट्टीवर आला की दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात. "रक्त जातं काय?" लोक जेवणावरून उठायचे. "अहो, निदान सलाम तरी करा आधी!" मशिदीबाहेर पोरं मला संडासवाले हमीदभाई म्हणायला लागली. म्हणू देत. तिघं जण तपासून आले. एकाला खरोखर मूळव्याध निघाली, तो येऊन माझ्यावरच चिडला, त्या तपासणीत फार हाल झाले म्हणाला. मी त्याला मटण खाऊ घातलं.

आणि मग एका सकाळी अंगणात सूप दिसलं. त्यात सुरणाचे काप वाळत घातले होते. बाजूला वाटीत नागकेशर.

गावात कुणाला हवी असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. पण ती पूड आता कोण मागणार? मी आत गेलो. स्वयंपाकघरात रेहाना तांदूळ धूत होती.

"कुणासाठी करतेस?"

ती तांदूळ चोळत राहिली.

"रेहाना, तुला रक्त जातं काय?"

अख्ख्या गावाला विचारलेला प्रश्न, घरात पहिल्यांदाच विचारत होतो. तिनं पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं, पुन्हा तांदूळ चोळले.

"जातं."

"कधीपासून?"

"तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "काय सांगू? पूड माझ्या हातची. तुम्ही फोनवर सांगितलंत, मी कुटली. तो मागवत गेला, मी पाठवत गेले. डबे मोजले नाहीत मी. माझ्या हातची खाऊन माझा भाऊ गेला. आता मी पण तीच खाणार."

वर्षभर मला वाटत होतं की ती माझ्यावर रागावलीय. मी परत एकदा फक्त माझाच विचार करत बसलो होतो.

"उठ," मी म्हटलं.

"रोजे चार दिवसांवर आलेत. ईद झाली की जाऊ."

"नाही. आज."

"सूप तरी आत घेऊ दे."

सूप मी आत घेतलं. खरं सांगायचं तर उकिरड्यावर पालथं केलं. त्याच दिवशी चिपळूण गाठलं, आणि तपासणी तिसऱ्या दिवशी झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. माझ्या तपासणीच्या वेळी अबू नासर असाच बसला असेल, हे तेव्हा डोक्यात आलं. दाराकडं बघत मी एकच मागत होतो, हिला तरी सोड.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आत एक गाठ होती, मुळापासून काढली, तपासायला पाठवली. आठ दिवसांनी कागद आला. कॅन्सर झाला नव्हता, पण गाठ त्याच वाटेवर होती. "वेळेत आलात हो," बाई म्हणाल्या. "आता दरवर्षी यायचं."

वेळेत आलात. हे शब्द आमच्या घरात कुणाच्या वाट्याला आले नव्हते. रेहानानं कागदाची नीट घडी घातली, पदरात घेतली आणि आम्ही दापोलीच्या एसटीत बसलो. 

"त्याला पण असंच म्हणाले असते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही विचारलं असतंत तर."

"हो," मी म्हटलं.

मग ती रडायला लागली. मयतीला रडली नव्हती, चाळिसाव्याला रडली नव्हती. आता तोंडाला पदर लावून, माझ्या खांद्यावर डोकं आपटत, खेडपर्यंत रडली. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थबकला.

"काका, काय झालं? कुणी गेलं काय?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "वेळेत आलो."